मॅननॅझ आणि डीबीसीओ डाय: ब्रेस्ट कॅन्सर सेल्सवरची साखर बघायला घ्यावं का?

आधीच सांगते, घेण्यासारखं आहे. पण "कॅन्सर सेल ओळखणारं प्रोब" म्हणून घेत असाल तर जरा थांबा, हे पूर्ण वाचा आणि मग कोटेशन मागवा. पुण्यामुंबईच्या लॅबमधली बरीच मुलं मला याच दोन बाटल्यांबद्दल विचारत असतात, किती मिलिग्रॅम घेऊ, किती मायक्रोमोलर टाकू, सिग्नल येतो का, आणि प्रत्येकाला व्हॉट्सॲपवर अर्धं अर्धं सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवावं म्हटलं. कंपनीचं नाव घेत नाहीये, हे केमिकल आता बरेच जण विकतात आणि हा रिव्ह्यू केमिकलचा आहे, दुकानाचा नाही.

पहिली बाटली टेट्रा-ॲसिटाइल मॅननॅझ, लॅबमध्ये सगळे नुसतं मॅननॅझच म्हणतात. ही लॅबमध्ये बनवलेली साखर, तिला अझाइडचा म्हणजे तीन नायट्रोजनचा छोटासा शेपटा लावलेला असतो. दुसरी बाटली डीबीसीओ (अझाइडला पकडणारा रेणू) लावलेला फ्लुरोसंट डाय, म्हणजे चमकणारा रंग, आम्ही सल्फो-साय५ घेतला. सेल्स ही साखर आत घेतात, आतले एन्झाइम तिच्यावरचे ॲसिटाइल काढून टाकतात, मग सेल तिला मॅननॅक या आपल्या नेहमीच्या साखरेसारखीच वापरते, तिच्यापासून सियालिक ॲसिड बनवते आणि ते सियालिक ॲसिड प्रोटीन आणि लिपिडवरच्या साखळ्यांच्या टोकाला बसून सेलच्या पृष्ठभागावर येतं, अझाइडसकट. आता बाहेरून डाय टाकला की डीबीसीओ आणि अझाइड एकमेकांना पक्के जोडले जातात, कॉपर लागत नाही, सेल जिवंत राहते, आणि कॉन्फोकल मायक्रोस्कोपखाली सेलच्या कडेने लाल रेघ उमटते. ती रेघ पहिल्यांदा दिसते तेव्हा खरंच भारी वाटतं, कारण जी गोष्ट आपण फक्त पाठ्यपुस्तकातल्या चौकोन-गोलाच्या आकृत्यांत बघितलेली असते ती समोर जिवंत सेलवर असते.

ही आयडिया एका दिवसात आलेली नाही. सेलला बनावट मॅननॅक दिलं तर ती त्याचं बनावट सियालिक ॲसिड करून बाहेर मांडते हे बर्लिनच्या वेर्नर रॉयटर यांच्या ग्रुपने १९९२ मध्ये दाखवलं. मग कॅरोलिन बर्टोझी यांच्या लॅबने १९९७ मध्ये कीटोनवाली साखर, २००० मध्ये अझाइड, आणि २००४ मध्ये कॉपरशिवाय चालणारी क्लिक रिॲक्शन (म्हणजे दोन रेणू चटकन पक्के जोडणारी) असं एकेक पाऊल टाकलं, आणि २०२२ चं केमिस्ट्रीचं नोबेल त्यांना मेल्डाल आणि शार्पलेस यांच्यासोबत मिळालं.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मी या विषयावर काम करते हे कळलं की नातेवाईकांचा पहिला प्रश्न असतो, मग चहातली साखर बंद केली तर कॅन्सर थांबेल का? ही ती साखर नाहीच. सियालिक ॲसिड नऊ कार्बनचं असतं, आपल्या पेशी ते स्वतः बनवतात, निरोगी पेशीसुद्धा. त्यावर निगेटिव्ह चार्ज असतो आणि आपल्या इम्यून सेल्सवरचे सिग्लेक नावाचे रिसेप्टर ते ओळखून त्या सेल्सना शांत करतात. कॅन्सरच्या पेशींवर बऱ्याचदा याचा थर जास्त असतो, म्हणून त्यांना एक प्रकारचं संरक्षण मिळतं. बर्टोझींच्या ग्रुपने २०१६ मध्ये ट्रास्टुझुमॅब या अँटिबॉडी औषधाला सियालिडेज एन्झाइम जोडून हर-टू हे प्रोटीन असलेल्या ब्रेस्ट कॅन्सर सेल्सवरचं सियालिक ॲसिड कापून टाकलं तर एनके सेल्स (इम्यून सिस्टीमच्या मारेकरी सेल्स) त्यांना जास्त चांगलं मारतात हे दाखवलंय. म्हणून ही साखर बघणं महत्त्वाचं आहे. आपल्या देशात बायकांमध्ये सगळ्यात जास्त होणारा कॅन्सर हाच आहे, २०२२ च्या ग्लोबोकॅन या जागतिक कॅन्सर आकडेवारीच्या अंदाजात भारतात वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार नवीन केसेस, त्यामुळे या कामाला मी कधीच नुसता पेपर काढायचा विषय समजत नाही.

आता प्रत्यक्ष वापर. मॅननॅझ कधी पांढऱ्या पावडरसारखं येतं, कधी बाटलीच्या तळाला चिकट थर असतो, त्यामुळे उघडायच्या आधी स्पिन करा आणि वजन करायच्या भानगडीत न पडता अख्ख्या बाटलीतच डीएमएसओ हे सॉल्व्हंट घाला. मॉलिक्युलर वेट ४३० च्या आसपास, म्हणजे ५ मिलिग्रॅमला साधारण २३२ मायक्रोलिटर डीएमएसओ घातलं की ५० मिलिमोलर स्टॉक होतो, आणि तो मीडियात हजारपट डायल्यूट केला की ५० मायक्रोमोलर, डीएमएसओ फक्त ०.१ टक्का. बऱ्याच प्रोटोकॉलमध्ये १० मिलिमोलर स्टॉक करायला सांगतात, त्यात डीएमएसओ ०.५ टक्क्यावर जातं आणि एमसीएफ-१०ए (कॅन्सर नसलेल्या ब्रेस्ट सेल्स) सारख्या नाजूक सेल्सना ते उगाच कशाला द्यायचं. छोटे छोटे ॲलिकॉट करून उणे २० ला ठेवा. एनएमआर काढून बघितलात आणि दोन दोन पीक दिसले तर घाबरू नका, अल्फा आणि बीटा ॲनोमरचं, म्हणजे त्याच साखरेच्या दोन रूपांचं, मिश्रण असतं ते, माल खराब नसतो.

सेल्सना साखर देऊन दोन ते तीन दिवस ठेवायचं. एक दिवसात सिग्नल दिसतो पण कमी, बॅकग्राउंडच्या वर नीट यायला वेळ द्यावाच लागतो. मग सेल्स काढताना ट्रिप्सिन शक्यतो टाळा, कारण ट्रिप्सिन पृष्ठभागावरची प्रोटीन कापतं आणि त्यांच्याबरोबर तुमची लेबल झालेली साखरही जाते, ईडीटीएने सोडवा, जरा वेळ लागतो पण फ्लोचा (फ्लो सायटोमेट्री, एकेका सेलची चमक मोजणारं मशीन) डेटा विश्वासाचा येतो. डाय लावताना सेल्स थंड ठेवा म्हणजे डाय आत ओढला जात नाही, आणि फिक्स करायचं असेल तर लेबल झाल्यावर करा. मेलेल्या सेल्स डाय पिऊन बसतात आणि खोटं लाल दाखवतात, त्यामुळे डेड सेल डाय लावून त्या गेटच्या बाहेर काढल्याशिवाय कुठलाही हिस्टोग्राम कोणाला दाखवू नका.

आणि हे मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर चिकटवा: फ्लोच्या बफरमध्ये सोडियम अझाइड चालणार नाही. बऱ्याच लॅबमध्ये बफर खराब होऊ नये म्हणून ते घातलेलं असतं, तयार अँटिबॉडीच्या बाटल्यांमध्येही असतं, आणि डीबीसीओला साखरेवरचं अझाइड काय आणि बफरमधलं काय, दोन्ही सारखेच, तो बफरमधल्याशीच जोडला जाऊन संपतो. सिग्नल येत नाही म्हणून जे मला फोन करतात त्यांना मी सगळ्यात आधी हेच विचारते.

डायबद्दल माझं मत थोडं कमी चांगलं आहे. मिलिग्रॅममागे तो साखरेपेक्षा खूप महाग पडतो, आणि साधा साय५ घेतला तर तेलकट स्वभावामुळे सेलच्या मेम्ब्रेनला उगाच चिकटतो, धुऊन धुऊन हात दुखतात तरी बॅकग्राउंड जात नाही. सल्फो असलेलाच घ्या, पाण्यात छान विरघळतो. शिवाय डीबीसीओ प्रोटीनवरच्या मोकळ्या सिस्टीनलाही थोडा थोडा जोडला जातो, त्यामुळे साखर न दिलेल्या, फक्त डीएमएसओ दिलेल्या सेल्सनाही डाय लावून बघणं सक्तीचं समजा. हा कंट्रोल ज्या पोस्टरवर नसतो त्या पोस्टरसमोर मी फार वेळ उभी राहत नाही.

आम्ही एमसीएफ-७, एमडीए-एमबी-२३१ आणि एमसीएफ-१०ए अशा तीन सेल लाइन्सवर, म्हणजे लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या सेल्सवर, वापरलं. पुण्यात बसल्यावर सेल्ससाठी लांब जावं लागत नाही, विद्यापीठाच्या आवारातच एनसीसीएस (नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स) आहे आणि तिथली सेल रिपॉझिटरी देशभरातल्या लॅबना लाइन्स देते. एमसीएफ-७ हार्मोनवाल्या कॅन्सरची, १९७० मध्ये डेट्रॉइटच्या मिशिगन कॅन्सर फाउंडेशनमध्ये एका ननच्या छातीतल्या पाण्यातून काढलेली. २३१ ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे हार्मोनचे दोन्ही रिसेप्टर आणि हर-टू नसलेली, ह्यूस्टनच्या एमडी अँडरसनमधली. एमसीएफ-१०ए ही कॅन्सर नसलेली ब्रेस्टची लाइन, तिला इन्सुलिन, ईजीएफ, हॉर्स सीरम असं सगळं लाडाने द्यावं लागतं.

रिझल्ट असा की तिन्ही लाइन्स चमकतात. २३१ आमच्याकडे सगळ्यात जास्त चमकल्या, आणि ग्रुप मीटिंगमध्ये तो हिस्टोग्राम पडद्यावर आला की कोणीतरी म्हणतंच, बघा, जास्त आक्रमक कॅन्सर, जास्त साखर. हे वाक्य ऐकायला छान वाटतं पण हा प्रॉडक्ट ते सिद्ध करत नाही. मॅननॅझ तुम्हाला सेलवर एकूण किती सियालिक ॲसिड आहे ते सांगत नाही, तुम्ही साखर दिल्यापासून सेलने त्यातली किती आत घेतली, किती वापरली आणि किती बाहेर मांडली ते सांगतं. हा वेग आहे, साठा नाही. भराभर वाढणारी सेल जास्त वापरेल, जिच्याकडे स्वतःचं मॅननॅक भरपूर तयार होतं तिच्यात आपली बनावट साखर मागे पडेल, आणि आत घेण्याची आणि ॲसिटाइल काढण्याची ताकदही प्रत्येक लाइनची वेगळी. त्यामुळे दोन लाइन्सची उंची शेजारी शेजारी ठेवून निष्कर्ष काढू नका. एकाच लाइनवर औषध देऊन आधी आणि नंतर बघायचं असेल तर मात्र हे सुंदर काम करतं, तेही औषधाने सेलची वाढच मंदावली नाही ना हे तपासून.

सिग्नल खरंच सियालिक ॲसिडचा आहे का, यासाठी सियालिडेजने कापून बघा, खाली आला पाहिजे. पूर्ण खाली येत नाही तेव्हा उरलेलं काय असतं हा प्रश्न मला बरेच दिवस छळायचा. त्यातला एक भाग २०१८ मध्ये पेकिंग युनिव्हर्सिटीच्या ग्रुपने दाखवला, की ॲसिटाइल लावलेल्या या साखरा कुठल्याही एन्झाइमशिवाय प्रोटीनवरच्या सिस्टीनला थेट चिकटतात. म्हणजे लाल दिसणारं सगळंच ग्लायकोसायलेशन (सेलने एन्झाइमने जोडलेली साखर) नसतं. हे प्रामुख्याने सेलच्या आतल्या प्रोटीनवर होतं, पण लायसेट करून, म्हणजे सेल्स फोडून, त्यांच्या प्रोटीनचं वेस्टर्न किंवा मास स्पेक करणाऱ्यांनी याची फार काळजी घ्यावी. डोस वाढवला की हे वाढतं, म्हणून ५० मायक्रोमोलरच्या वर जाऊ नका असं मी आग्रहाने सांगते, २०० टाकून सिग्नल उंच दिसतो खरा पण सेल्स मंदावतात आणि कशाचा सिग्नल ते कळेनासं होतं. त्याच ग्रुपने पुढे फक्त दोन जागी एस्टर लावलेल्या साखरा आणल्या, त्यात हा त्रास खूपच कमी आहे, बजेट असेल तर त्या बघा.

लेक्टिनपेक्षा, म्हणजे साखरेला धरणाऱ्या नैसर्गिक प्रोटीनपेक्षा, हे चांगलं का, हा पुढचा नेहमीचा प्रश्न. दोघांचं काम वेगळं आहे. एल्डरबेरीच्या झाडाचं एसएनए लेक्टिन अल्फा २-६ जोडणी ओळखतं, मॅकिया नावाच्या झाडाचं लेक्टिन अल्फा २-३ ओळखतं, मॅननॅझला यातला फरक कळत नाही, त्याला सगळं सियालिक ॲसिड सारखंच. ब्रेस्ट कॅन्सरमध्ये म्यूसिन प्रोटीनवरच्या लांब साखळ्या अर्धवट राहतात आणि टीएन, सियालिल-टीएन, टी अँटिजेन असे आखूड तुकडे उघडे पडतात, ते नेमके कोणते हे बघायचं असेल तर लेक्टिन नाहीतर अँटिबॉडीच हवी. आणि आपल्या घरातल्या गोष्टी इथे किती उपयोगाच्या आहेत बघा, फणसाच्या आठळ्यांमधलं जॅकलिन आणि शेंगदाण्यातलं पीएनए, दोन्ही टी अँटिजेनला धरतात, आणि दोघांचीही रचना बंगळुरूच्या आयआयएससीत एम. विजयन यांच्या ग्रुपने सोडवली, शेंगदाण्याची १९९४ मध्ये आणि फणसाची १९९६ मध्ये. रोमन गोगलगायीचं लेक्टिन तर १९८७ मध्येच लॅन्सेटमध्ये आलं होतं, ज्या बायकांच्या ट्यूमरला ते चिकटत होतं त्यांच्यात आजार परतण्याचं प्रमाण जास्त दिसलं. आपण नवीन प्रोबच्या नादात या जुन्या कामाला फार लवकर विसरतो असं मला मनापासून वाटतं.

पण लेक्टिनचे त्रास मीही भोगलेत. जिवंत सेल्सवर टाकलं की सेल्सचे गठ्ठे होतात, पकड कमकुवत असते, जास्त धुतलं तर निघून जातं, कमी धुतलं तर बॅकग्राउंड, आणि दोन लॉट तंतोतंत सारखे मिळतील याची खात्री नसते. मॅननॅझ आणि डीबीसीओ बनवलेले रेणू आहेत, शुद्धता तपासता येते, जोड कोव्हॅलंट असल्यामुळे कितीही धुवा, आणि जिवंत सेलमध्ये साखर कशी फिरते ते तासातासाने बघता येतं. हे लेक्टिनने अजिबात होत नाही. मी आता दोन्ही वापरते, आधी मॅननॅझ आणि मग एसएनए, आणि दोन्ही एकाच दिशेने बोलले तरच पुढे जाते.

टीएन बघायला मॅननॅझऐवजी गॅलनॅझ (अझाइडवालीच दुसरी साखर) घेऊ का असं एका मुलीने विचारलं होतं. घेऊ शकता, पण सेलमधलं एक एन्झाइम त्याचं ग्लुकनॅझ, म्हणजे तिसरीच अझाइडवाली साखर, करून टाकतं आणि मग आतल्या, न्यूक्लियसमधल्या प्रोटीनवरही लेबल येतं, त्यामुळे फक्त टीएन दिसतंय असं समजू नका.

बोरॉनिक ॲसिडचे प्रोबही बाजारात आहेत, ते साखरेच्या शेजारशेजारच्या दोन हायड्रॉक्सिलला धरतात, तीन दिवस थांबावं लागत नाही हा फायदा, पण मीडियातल्या ग्लुकोजलाही धरतात आणि पीएच जरा हलला की सिग्नल हलतो. आमच्या सेल्स हाय ग्लुकोज मीडियात, म्हणजे लिटरला ४.५ ग्रॅम ग्लुकोजमध्ये, वाढतात, त्यामुळे आधी खूप धुवावं लागायचं आणि तरी मनासारखं झालं नाही. स्वीडनच्या माल्मो युनिव्हर्सिटीत सियालिक ॲसिडचा साचा करून बनवलेले प्लास्टिकचे बारीक फ्लुरोसंट कण आहेत, ते मला जास्त आशादायक वाटतात, हाताशी मात्र अजून आलेले नाहीत.

आता ज्यांच्या घरी पेशंट आहे आणि "साखरेचं मार्कर" असं शोधत इथे आलात त्यांच्यासाठी. हे रिसर्चचं केमिकल आहे, माणसाची टेस्ट नाही, कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबमध्ये मिळणार नाही. रक्ताची सीए १५-३ टेस्ट वेगळी, ती एमयूसी१ नावाच्या म्यूसिनचे रक्तात आलेले तुकडे मोजते, पसरलेल्या आजारात उपचार लागू पडतायत का यावर लक्ष ठेवायला डॉक्टर ती सांगतात, कॅन्सर आहे का हे शोधायला ती नाही. गाठ लागली तर इंटरनेट बंद करून डॉक्टरांकडे जा. या साखरांनी भल्याभल्यांना चकवलंय, सियालिल-टीएनवर बनवलेली थेराटोप ही लस हजाराहून जास्त बायकांवर तपासली गेली आणि २००३ मध्ये कळलं की तिने ना आजार बळावायला उशीर झाला ना आयुष्य वाढलं. म्हणून "अमुक साखर म्हणजे कॅन्सर" असं कोणी सोप्या शब्दात सांगितलं की मला काळजी वाटते.

सर्व्हिसबद्दल थोडक्यात. आमच्या पुरवठादाराने डाय पाठवला तो बॉक्समधले आइस पॅक पूर्ण कोमट झाल्यावर पोचला, बिलावर एक लॉट नंबर आणि बाटलीवर दुसरा, आणि बदलून मिळेपर्यंत इतके मेल झाले की प्रोजेक्टचा एक महिना त्यातच गेला. ऑर्डर देतानाच लॉटचा एचपीएलसी आणि मास रिपोर्ट लेखी मागा, कुरिअर शुक्रवारी निघणार नाही हे बघा, आणि बॉक्स आल्या आल्या फोटो काढून ठेवा.

साखरेला पाचपैकी साडेचार, डायला साडेतीन. एमएस्सीच्या सहा महिन्यांच्या प्रोजेक्टसाठी ५ मिलिग्रॅम साखर पुरून उरते, ५० मायक्रोमोलरने २०० मिलिलिटरपेक्षा जास्त मीडिया होतो, मोठी बाटली घेऊन फ्रीझरमध्ये म्हातारी करू नका. डाय १ मिलिग्रॅमच घ्या आणि शेजारच्या लॅबशी वाटून घ्या. वाचलेल्या पैशात सियालिडेज आणि एसएनए दोन्ही मागवा, ते नसतील तर मॅननॅझची ऑर्डर पुढच्या ग्रँटपर्यंत थांबवलेली बरी. आणि फ्लोच्या ऑपरेटर दादांना आधीच सांगून ठेवा की अझाइड नसलेला बफर आपल्या लॅबमधूनच आणणार आहे.